रिकामी चकती

परेराबाई दगड हुंगायच्या.

आधी दगडावर तोंडाने वाफ सोडायच्या, चष्मा पुसताना आपण सोडतो तशी, आणि लगेच नाक टेकवून डोळे मिटायच्या. माती असलेल्या खडकाला असा श्वास लागला की त्याला एक वास सुटतो म्हणे. तेवढ्याने भागलं नाही तर जिभेचं टोक लावायच्या. दगड जिभेला चिकटला की बाईंचा चेहरा खुलायचा. लॅबमध्ये लागले त्या पहिल्याच दिवशी मी हा प्रकार पाहिला आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, नोकरी बरी आहे, पण शेजारच्या टेबलावरच्या बाई दगड चाटतात. तो म्हणाला, "तुला तर चाटत नाहीत ना? मग झालं."

आमची लॅब म्हणजे लोअर परळच्या एका बंद गिरणीच्या आवारातला लांबोडका गाळा. आजूबाजूला टॉवर उठत होते, आणि टॉवर उठवायच्या आधी जमिनीत भोक पाडून खालचा खडक वर काढून बघतात. मनगटाएवढ्या जाडीचे ते दगडी दांडे लाकडी पेट्यांत भरून आमच्याकडे यायचे. त्यात माती आहे का, असली तर कसली, हे बाई शोधायच्या आणि पेन्सिलीने लिहायच्या. ते मी टाइप करायचे. दगडातलं मला काडीचं कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. मी डिलाईल रोडची, तोंडाळ, कमरेपर्यंत तेल चोपडलेली वेणी आणि त्या वेणीचा गर्व. बाई गिरगावातल्या, लाकडी जिन्याच्या जुन्या घरातल्या, एकट्या राहणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या. आमचं कसं जमलं देव जाणे. साहेब, म्हणजे लॅबचे मालक, म्हणायचे की शोभा बोलते आणि बाई तिचं ऐकतात असं सगळ्यांना वाटतं, प्रत्यक्षात बाई दगडाचा विचार करत असतात.

एकदा दोघी दादरला खरेदीला गेलो होतो. केबल टाकायला फुटपाथ खणून ठेवला होता. बाई गर्दीत तिथेच उकिडव्या बसल्या आणि उकरलेल्या तांबड्या मातीची चिमूट जिभेवर ठेवली. शेजारच्या केळीवालीने हे पाहिलं. तिने एक केळं पुढे केलं आणि म्हणाली, "मावशी, भूक लागली असेल तर हे घ्या. माती कशाला खाता?" बाईंनी केळं घेतलं, थँक्यू म्हटलं आणि तिलाच सांगायला लागल्या, "ही माती दादरची नाही. कुठला तरी डोंगर फोडून भरावाला आणलीय. कुठला ते बघत होते." केळीवाली म्हणाली, "मीपण दादरची नाय. जुन्नरची." बाईंना हे फार आवडलं. परतताना त्यांनी मला दोनदा तरी ते वाक्य ऐकवलं.

पण वास आणि जीभ ही नुसती सुरुवात. निकाल यंत्राचा. त्या यंत्रातून इन्फ्रारेड नावाचा प्रकाश निघतो, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. माती त्यातला थोडा गिळते, आणि प्रत्येक माती आपापल्या ठरलेल्या जागचाच गिळते. जिथे गिळला तिथे कागदावरची रेघ खाली उतरते. बाई त्या उतारांना दात म्हणायच्या. दात बघून माती ओळखायची.

हे मला कळलं ते माझ्या फेसपॅकमुळे. लग्नाच्या सीझनला मी मुलतानी मातीची पुडी आणली होती. बाईंनी चिमूटभर मागितली आणि जेवणाच्या सुट्टीत कागद माझ्यासमोर ठेवला. "शोभा, ही मुलतानी नव्हे. हे बघ, दोन टोकांना दोन सुळे आणि मध्ये दोन बारके दात. ही चिनी माती, कपबशीची. मुलतानीला एक बोथट दात असतो आणि बाजूला पाण्याची भली मोठी झोळी. तिच्या पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरतं, म्हणून ती फुगते." मी म्हटलं, "म्हणजे मी आठवडाभर तोंडाला कपबशी लावतेय." बाई गंभीरपणे म्हणाल्या, "हरकत नाही. कपबशी फुगत नाही."

तेव्हापासून मी आपली दोन नावं ठरवून टाकली, फुगरी माती आणि शहाणी माती. रिपोर्टमधली वीतभर लांब नावं टाइप करताना त्याच दोन नावांनी मी लक्षात ठेवायचे. पायाच्या खडकात शहाणी माती निघाली तर फिकीर नाही. फुगरी निघाली तर मात्र इंजिनियर मंडळी डोकं धरून बसतात, कारण पाणी लागलं की ती खड्ड्याची भिंत ढकलायला लागते.

यंत्रात माती तशीच घालता येत नाही. पोटॅशियम ब्रोमाइड नावाचं एक पांढरं मीठ असतं. मोहरीच्या दाण्याएवढी माती त्या मिठात खलून, दाबयंत्राखाली दाबून काचेसारखी पारदर्शक चकती करायची आणि ती प्रकाशापुढे धरायची. मीठ स्वतः काहीच गिळत नाही, म्हणून ते वापरायचं. फक्त ते हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्या मुंबईच्या हवेत पाण्याला काय तोटा. म्हणून मिठाची बाटली कायम एकशे दहा डिग्रीच्या ओव्हनमध्ये. तिला बाईंशिवाय कोणी हात लावायचा नाही. बाईंच्या घरी उन्हाळ्यात वर्षाचा मसाला बाटल्यांत ठासून भरायचे, बाटली मसालाच म्हणतात त्याला. त्या सांगायच्या, "आमची आई मसाल्याला ओला चमचा लावणाऱ्याला पंगतीतून उठवायची. मी तर नुसतं रागावते."

तरी त्यांचा बाटलीवर विश्वास नव्हता. बाटली उघडली की पहिली चकती नुसत्या मिठाची. रिकामी. तिचा कागद काढायचा, रेघ सपाट आहे ना ते बघायचं, आणि मगच मातीची चकती. "काही नसताना काय दिसतं ते आधी बघावं," हे त्यांचं वाक्य. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

एकदा त्या रिकाम्या कागदावर दोन चिमुकले दात उमटले, जिथे कुठल्याच मातीचा दात येत नाही अशा जागी. बाईंनी कागद उचलला आणि थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मी मागोमाग, तमाशा कोण सोडतो. "साहेब, वडा खाऊन माझी चकती उचलून बघितलीत." साहेबांनी हात मागे लपवले. बाई म्हणाल्या, "हे दोन दात तेलाचे. कुठलंही तेल असो, इथेच येतात." साहेब तेव्हापासून यंत्राच्या खोलीत खिशात हात घालून फिरायचे.

आता ज्या जुलैसाठी हे लिहायला बसले त्या जुलैकडे येते. इथवर मी गमतीजमती सांगत बसले, कारण पुढचं सांगायला मला जड जातं.

परळच्या एका चाळीची जागा मोकळी करून नवी इमारत उठत होती. पायाच्या खड्ड्यात हिरव्या मातीचा एक पट्टा लागला. फुगरी आहे की शहाणी, हे कळेपर्यंत पुढचं काम अडलं. चाळीतली माणसं वरळीच्या ट्रान्झिटमध्ये, म्हणजे नवं घर होईपर्यंतच्या तात्पुरत्या खोल्यांत, आधीच चौथं वर्ष काढत होती. त्यांचे सेक्रेटरी परब, रिटायर झालेला गिरणीतला माणूस, स्वतः लॅबमध्ये आले. बाहेर धो धो पाऊस. बाई त्यांच्याशी पुढच्या खोलीत बोलत बसल्या. परब सांगत होते, "आमची म्हातारी नव्वदीला आली मॅडम. रोज सकाळी पेटी भरून दारात बसते. घराक कधी जावचा, विचारते. संध्याकाळी मी पेटी रिकामी करतो."

मी तेव्हा मागच्या खोलीत होते. भिजून आले होते, ओढणी पिळून काढण्यासारखी. ओव्हन समोर. मी काटा साठवर आणला, कापड जळू नये म्हणून, आणि ओढणी खालच्या जाळीवर पसरली. वरच्या जाळीवर मिठाची बाटली होती, झाकण काढलेली. वीस मिनिटांत ओढणी बऱ्यापैकी वाळली. काटा परत एकशे दहावर नेला आणि मी वेणी झटकत टेबलावर जाऊन बसले.

बाई आत आल्या त्या घाईत. परबांच्या आईची पेटी त्यांच्या डोक्यात बसली होती. "आज पाठवून टाकू रिपोर्ट," म्हणाल्या. बाटली काढली, हिरवी माती खलली, चकती केली. रेघ आली ती ही मोठी झोळी लोंबकळत. फुगरी. मीच रिपोर्ट टाइप केला, संध्याकाळच्या आत गेला. दुसऱ्या दिवशी कन्सल्टंटने काम बंद केलं. सगळं डिझाइन नव्याने करायचं ठरलं.

कोणी तक्रार केली नाही. तसं ते प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण बाईंची एक सवय होती. प्रत्येक नमुन्याचा एक खडा त्या खिडकीतल्या पाण्याच्या ग्लासात टाकून ठेवायच्या. फुगरी माती असेल तर खडा एक-दोन दिवसांत विरघळून गाळ होतो. परळचा हिरवा खडा मात्र आठवडा झाला तरी ठणठणीत, कडासुद्धा धारदार. बाई जेवण सोडून त्या ग्लासासमोर उभ्या राहायच्या. "यंत्र एक म्हणतंय, ग्लास दुसरंच म्हणतोय. गंमत आहे ना, शोभा?" त्यांना खरंच गंमत वाटत होती. आपली चूक झाली असेल ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर मी बघितली ती नंतर.

नवी बाटली फोडली, दोन दिवस तापवली, आधी रिकामी चकती, मग हिरवी. रेघ उतरली. तीन बारीक टोकदार दात, झोळीचा पत्ता नाही. शहाण्यातली शहाणी. जुन्या कागदावर हेच तीन दात पाण्याच्या झोळीत बुडून गेले होते. मग त्या दिवशीच्या घाईत ओव्हनबाहेरच राहिलेल्या जुन्या बाटलीतलं उरलेलं मीठ काढून त्याची नुसती चकती केली, जी त्या दिवशी करायची राहिली होती. तो कागद त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग बाहेर येऊन सगळ्यांना एकदाच विचारलं, "त्या दिवशी ओव्हन कोणी उघडला होता का?"

मी कीबोर्डवर बोटं तशीच ठेवून बसले. बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

साहेब म्हणाले, "बाई, जाऊ द्या ना. फुगते म्हणून सांगितलं, न फुगणारी निघाली. नुकसान कोणाचं? सेफ साइड आहे." बाई म्हणाल्या, "कोणाची?" दुसरा रिपोर्ट गेला, वर बाईंचं पत्र, की पहिला चुकीचा होता आणि का चुकला. तीस वर्षांत त्यांच्या सहीचा कागद मागे घ्यायची ही पहिली वेळ. मी ते पत्र टाइप केलं. एक शब्द चुकला नाही, इतकी मी शांत होते. आज स्वतःचीच चीड येते.

तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. रविवारी त्या वरळीला ट्रान्झिटमध्ये गेल्या, मला बरोबर घेऊन. खालच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं जमली होती, बरीचशी चिडलेली. बाई उभ्या राहिल्या. "तुमच्या खडकात वाईट काही नाही. माझ्या बाटलीत होतं. मीठ ओलं होतं आणि मी तपासलं नाही. चूक माझी आहे." एकजण ओरडला की तुमच्या चुकीपायी आमचा पावसाळा गेला. बाई म्हणाल्या, "हो. गेला." पुढे सारवासारव नाही, काही नाही. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत, मांडीवर फाईल घेऊन, तीच निळी ओढणी गळ्यात घालून बसले होते. आता म्हणावं, आता म्हणावं, असं करत सभा संपली.

पहिल्या रांगेत परबांची आई होती. ती म्हणाली, "गे बाय, तुका चूक गावली कशी?" आणि बाई तिच्या पायाशी बसून सगळं सांगायला लागल्या, ग्लास, झोळी, दात. म्हातारी ऐकत होती. मग म्हणाली, "पावसात मीठ पाझरताच. तांदळाचे दाणे घालूक नाय काय?" बाई तिच्याकडे बघत राहिल्या आणि हसत सुटल्या. चिडलेल्या माणसांतले दोघे-तिघेही हसले. काम पुन्हा सुरू झालं ते गणपती होऊन गेल्यावर.

पुढच्या वर्षी बाई रिटायर झाल्या. मी दीड वर्ष गिरगावात फिरकले नाही. मग एका रविवारी दुपारी गेले, त्यांच्या लाकडी जिन्यावर तीनदा थांबले आणि आत गेल्याबरोबर बोलून टाकलं. "बाई, तो ओव्हन मी उघडला होता."

"हो," बाई म्हणाल्या. "निळी ओढणी. चहा घेशील ना?"

चहा ठेवून त्यांनी कपाटातून एक कागद आणला. जुन्या मिठाच्या रिकाम्या चकतीचा. पाण्याची झोळी, आणि बाजूला दोन चिमुकले दात, पेन्सिलीने गोल केलेले. "साहेब तर केबिनमध्ये होते. माझ्या केसांना मी तेल लावत नाही. आणि बाटलीत निळा धागा होता, एवढासा." गोलाच्या बाजूला लिहिलं होतं, शोभा, ओढणी. त्याच्या खाली, रिकामी चकती घेतली नाही, मी. तारीख सभेच्या आधीच्या गुरुवारची.

म्हणजे वरळीला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. मी विचारलं, "मग माझं नाव का नाही घेतलंत?"

"पावसाळ्यात माणसं काहीही वाळवतात. ते मी कसं थांबवणार? म्हणून तर रिकामी चकती असते. मी ती घेतली असती तर तुझी ओढणी दहा मिनिटांत सापडली असती, तुला ओरडा बसला असता आणि विषय संपला असता." मग चहा गाळता गाळता म्हणाल्या, "तू स्वतःच सांगशील असं मात्र वाटायचं. रोज वाटायचं. मग मी रिटायर झाले."

मी तिथे रडले. इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती. बाईंनी समजूत काढली नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग, मला माहीतच होतं."

सोमवारी मी साहेबांना सांगितलं. ते खिशात हात घालून ऐकत राहिले. आता लॅबमध्ये नवं यंत्र आलंय, त्याला चकतीच लागत नाही, नमुना तसाच ठेवायचा. पण नमुना ठेवायच्या आधीचा रिकामा कागद जोडलेला नसेल तर मी रिपोर्ट टाइप करत नाही. नवी मुलं मला खडूस म्हणतात. म्हणोत बापडी.

गेल्या वर्षी परबांचा फोन आला, वास्तुशांत आहे, म्हातारीने मिठाच्या बाईंना बोलावलंय. आम्ही दोघी गेलो. अकराव्या मजल्यावर म्हातारी खिडकीपाशी बसली होती, पेटी शेजारी, या खेपेला रिकामी. बाईंनी तिला काचेची बरणी दिली. आत मीठ, आणि मिठात तांदळाचे दाणे. म्हातारीने बरणी हलवून बघितली.

मी तिच्यासमोर बसले. परब होते, शेजारचे चार जण होते. म्हटलं, "आजी, त्या दिवशी मीठ ओलं झालं ते माझ्यामुळे. माझी ओढणी भिजली होती, ती मी तिथे वाळत घातली. तेव्हा सभेत मी बोलले नाही." परब माझ्याकडे बघत राहिले. म्हातारीने मला खालीवर न्याहाळलं.

"मगे सुकली काय नाय ओढणी?"

"सुकली," मी म्हटलं.

"बरा झाला," म्हातारी म्हणाली आणि माझ्या हातावर साखरखोबरं ठेवलं. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते, हसत होत्या.

त्यानंतर बाई वसईला बहिणीकडे राहायला गेल्या. भेट अशी झालेली नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी, खाली गेटापाशी. माझी टॅक्सी आली, मी बसले, मागच्या काचेतून हात हलवला. बाईंनी पाहिलं नाही. गेटाच्या खांबाला नवा दगड लावला होता. त्या त्याच्यावर वाफ सोडून, नाक टेकवून, डोळे मिटून उभ्या होत्या, आणि वॉचमन त्यांच्याकडे बघत होता.